‘न वापरलेले’ म्हणजे नवे नव्हे

काही जण सांगतात की लष्कराने विकायला काढलेला जुना, शिलकी माल घ्यायचा तर ‘न वापरलेला’ शिक्का असलेलाच घ्यावा, म्हणजे चिंता नाही. लोकरीची ब्लँकेट, सुती कॅनव्हासच्या पिशव्या, स्टीलचे मग यांच्याबाबत मान्य. बुटांच्या बाबतीत मात्र हा सल्ला अंगलट येऊ शकतो. बऱ्याच लष्करी बुटांमध्ये तळव्याचा मधला मऊ थर पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन तो हळूहळू कुजतो. बूट पायात असो वा खोक्यात, ही क्रिया थांबत नाही; दमट, उष्ण गोदामात तर ती आणखी वेगाने होते. वरचं चामडं चकचकीत, नाड्यांची गाठसुद्धा सुटलेली नाही, आणि उतारावर अख्खा तळवा गळून पडतो. आमच्या एका सोबत्याचा असाच गेला, उरलेली वाट त्याने दोरीने बूट बांधून काढली.

म्हणून आधी बुटावरची उत्पादनाची तारीख बघा. मग अंगठ्याने मधला थर जोरात दाबा, बूट वाकवा. भेगा दिसल्या, भुगा सुटला किंवा हाताला चिकट लागलं तर फुकट मिळाला तरी नको. एकसंध रबरी तळव्याच्या जुन्या बुटांना हा रोग नाही. रबर कडक होतं, तडकतं, पण असं अचानक विरघळत नाही. सॅक आणि तंबूंच्या आतल्या जलरोधक लेपाला मात्र हाच कुजण्याचा रोग, तोही बहुधा पॉलियुरेथेनचाच. आंबूस वास आला की समजा.