जुने कोबोल प्रोग्राम थेट वेब सेवा म्हणून देता येतील का?

प्रश्न: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात मालसाठ्याचा हिशेब आयबीएम आय या आयबीएम कंपनीच्या व्यावसायिक संगणक यंत्रणेवरील कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतील प्रोग्राम ठेवतात, वेबवरून आलेली चौकशी मात्र जावा सर्व्हर, संदेशरांग (संदेश क्रमाने पुढे पोहोचवणारी व्यवस्था) आणि रूपांतरक असे ३ थर ओलांडून त्यांच्यापर्यंत पोहोचते. हे थर कमी करता येतील का?

पहिले उत्तर: होय. त्या यंत्रणेतच एकात्मिक वेब सेवा सर्व्हर उपलब्ध आहे. प्रोग्राम कंपाइल करताना (म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलताना) त्याच्या पॅरामीटरांचे, म्हणजे त्याला दिल्या-घेतल्या जाणाऱ्या मूल्यांचे, वर्णन पीसीएमएल या त्यासाठीच्या ठरावीक स्वरूपात तयार करून घेतले, की तो सर्व्हर जेसन या वेबवर माहिती पाठवण्याच्या मजकूर-स्वरूपातील विनंती थेट प्रोग्रामच्या पॅरामीटरांत उतरवतो.

दुसरे उत्तर: मात्र प्रोग्राम पडद्याशी बांधलेला (म्हणजे माहिती पडद्यावरूनच घेणारा आणि तिथेच दाखवणारा) असेल, तर आधी त्यातील हिशेबाचा भाग वेगळा काढावा लागेल, आणि माझ्या मते खरे कष्ट तिथेच आहेत.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. साठ्याच्या चौकशीचा प्रोग्राम पडद्यापासून मुक्त आहे, त्यामुळे सुरुवात त्यापासूनच करतो.