मराठी क्रियापदावरचा पेपर एलएफजी परिषदेला पाठवू की एचपीएसजीला?

शब्दवेडी:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात भाषाशास्त्रात एमए करतेय, शेवटचं वर्ष आहे. डिझर्टेशन मराठीतल्या क्रियापदाच्या जुळणीवर चाललंय. 'तू पोळी खाल्लीस' घ्या, यातलं 'ली' पोळीमुळे आलं आणि 'स' आला तू मुळे, म्हणजे एकच क्रियापद कर्माशीही जुळतंय आणि कर्त्याशीही. पण 'तिने पोळी खाल्ली' म्हटलं की क्रियापदात कर्त्याचा मागमूसच नाही. वर्गात आम्हाला मूव्हमेंटवालं सिंटॅक्स शिकवलंय (वाक्यातले तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी हलतात असं मानणारं), त्यात या 'स'ला कुठे बसवायचं हे मला समाधान होईल असं काही जमेना, तेव्हा गाईड म्हणाल्या कन्स्ट्रेंट-बेस्ड थिअरीज (काही न हलवता फक्त अटी जुळतात का ते बघणाऱ्या) बघ आणि जमलं तर त्यांच्या परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठव. आता अशा दोन थिअरीज, एलएफजी (लेक्सिकल फंक्शनल ग्रामर) आणि एचपीएसजी (हेड-ड्रिव्हन फ्रेज स्ट्रक्चर ग्रामर); एलएफजीची वेगळी परिषद, एचपीएसजीची वेगळी. माझा विषय कुठे बसेल? आणि तिथे मराठीबद्दल कुणाला ऐकायचं असतं का?

रूपावली:
एलएफजीला पाठव, डोळे झाकून. जोन ब्रेझनन आणि रोनाल्ड कॅप्लन यांनी ही थिअरी सत्तरच्या दशकाच्या शेवटी उभी केली, 1982 चा जाडजूड ग्रंथ तुझ्या लायब्ररीत असेल बहुतेक. परिषद 1996 साली ग्रनोबलला सुरू झाली आणि तेव्हापासून दरवर्षी होते. आणि मराठीचं काय विचारतेस, ही मंडळी मराठी कोळून प्यायलेली आहेत! मेरी डॅलरिंपलच्या 1993 च्या पुस्तकात 'आपण' आणि 'स्वतः' कुणाकडे बोट दाखवतात यावर भरपूर मराठी वाक्यं आहेत, अल्सिना आणि जोशी यांच्या 1991 च्या पेपरात मराठीतली प्रयोजक क्रियापदं आहेत, शिवाय हिंदीवर तारा मोहनन (1994) आणि उर्दूवर मिरियम बट (1995). म्हणजे 'ने' प्रत्यय म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची गरज नाही.

तुझ्या 'स'चं म्हणशील तर या पद्धतीत काहीच हलवावं लागत नाही. प्रत्येक तुकडा आपापली माहिती घेऊन येतो. 'ली' सांगतो की कर्म स्त्रीलिंगी एकवचनी आहे, 'स' सांगतो की कर्ता द्वितीय पुरुषी एकवचनी आहे, आणि पोळी नि तू स्वतःबद्दल जे सांगतात त्याच्याशी हे जुळलं की वाक्य बरोबर. 'तू पोळी खाल्लास' मधे 'ला' पुल्लिंगी कर्म मागतो आणि पोळी स्त्रीलिंगी, झाली टक्कर, वाक्य बाद.

यंत्रमराठी:
रूपावली, सगळं पटलं, पण एचपीएसजीला एवढं बाजूला सारू नका. पोलार्ड आणि सॅग यांची 1987 आणि 1994 ची पुस्तकं पाया म्हणून, पण मी सांगेन की 2021 चं एचपीएसजी हँडबुक आधी उघड, नेटवर फुकट आहे (एलएफजीचं 2023 चं पण फुकट, आणि दोन्ही परिषदांचे पेपर सुद्धा). माझा मुद्दा वेगळाय. या लोकांकडे व्याकरण कागदावर लिहून थांबायची सवय नाही, ते मशीनमधे घालून चालवून बघतात. वॉशिंग्टन विद्यापीठाचं ग्रामर मॅट्रिक्स आहे, त्यात आपल्या भाषेबद्दल प्रश्नावली भरायची, की सुरुवातीचं चालू व्याकरण हातात येतं, मग त्यात स्वतः भर घालत जायचं. शब्द तीस-चाळीसच घाल, पण 'खाल्लास, खाल्लीस, खाल्लंस, खाल्लेस, खाल्ल्यास' सगळी रूपं घाल आणि मुद्दाम चुकीची वाक्यं दे. कागदावर जी भोकं दिसत नाहीत ती तिथे लगेच दिसतात. दोन्ही गटांत भांडण आहे असंही समजू नकोस, 2016 ला वॉर्सात दोघांनी एकत्र परिषद घेतली होती.

वऱ्हाडी_वाचक:
मी यातला माणूस नाही, नागपूरला शाळेत मराठी शिकवतो. ताई, याला आपल्याकडे नाव आहे की, कर्तृ-कर्म संकर प्रयोग, मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात. दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण (1911) आधी काढून बसा, परदेशी पुस्तकं नंतर. आणि एक विनंती, फक्त पुण्याची मराठी धरू नका. आमच्या घरी 'तू पोळी खाल्ली का' असंच विचारतात, 'स' येतच नाही. ते चुकीचं मराठी नाहीये, तेही पेपरात यायला पाहिजे, मनापासून सांगतो.

रूपावली:
सर, हे फार महत्त्वाचं बोललात. तुमच्या घरच्या बोलीत 'स'वाली अटच नाही, 'ली'वाली जशीच्या तशी आहे, म्हणजे दोन्ही अटी एकमेकींवर अवलंबून नाहीत. शब्दवेडी, हाच तुझ्या पेपरचा कणा कर. दुसरा पुरावा कर्तृ-भाव संकरात आहे: 'तू मुलीला पाहिलंस'. मुलगी 'ला' घेऊन बसली म्हणून क्रियापद तिच्याशी जुळत नाही, 'लं' झालं, तरी 'स' जागचा हलला नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्टवर नाव टाकायचं नसतं, त्यामुळे एमए की प्रोफेसर हे तपासणाऱ्याला कळत नाही. फक्त प्रत्येक वाक्याखाली शब्दाशब्दाचं ग्लॉसिंग (प्रत्येक तुकड्याचा इंग्रजी अर्थ आणि व्याकरणातलं काम) नीट दे, यात कंटाळा केलास तर चांगला डेटा वाया जाईल.

शब्दवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे. एलएफजीचं ठरवलं, आणि सर, बोलीतली वाक्यं तुम्हाला विचारून घेईन. अजून एक आत्ताच सुचलं. 'आपण पोळी खाल्ली' म्हणजे आपण सगळ्यांनी, पण 'आपण पोळी खाल्लीत का' हे समोरच्या मोठ्या माणसाला. सर्वनाम तेच, पुरुष ठरवतोय एकटा 'त'. हे याच पेपरमधे घेऊ का?

यंत्रमराठी:
घे! आणि 'आपण आलो' / 'आपण आलात' ही जोडीपण घाल, तिथे कर्म नाहीच, त्यामुळे पुरुषाचा फरक एकदम स्वच्छ दिसेल.