चाळीच्या माळ्यावर अँटेना लावून दूरदर्शन फुकट दिसेल का?

गिरगावची_सून
आम्ही गिरगावात चाळीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वर मंगलोरी कौलं, खोलीत लाकडी माळा. सासूबाईंना सह्याद्रीच्या सातच्या बातम्या आणि कधीमधी नाटक, एवढंच लागतं. त्यासाठी दर महिन्याला केबलचे पैसे द्यायचे जिवावर येतं. कौलांवर कोणाला चढू देत नाहीत, गच्ची नाहीच. गॅलरी पश्चिमेला, तीही सामाईक. माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा लांब काड्यांचा अँटेना धूळ खात पडलाय. तोच आतल्या आत बसवून नव्या टीव्हीला जोडला तर चालेल का?

मधलीआळी
इतकी खटपट कशाला? प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप आहे, 2024 पासून. टीव्हीत टाका, सह्याद्री बघा.

गिरगावची_सून
ॲप आहे हो. पण सासूबाईंना टीव्ही लावला की समोर बातम्या हव्यात. त्या लॉगिन बघूनच रिमोट माझ्या हातात देतात.

परळचा_मेकॅनिक
ताई, मी परळ-लालबागला ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासून अँटेने बांधलेत. सासऱ्यांचा तो अँटेना आठवण म्हणून ठेवा, कामाला येणार नाही. तो जुन्या व्हीएचएफ, म्हणजे लांब लहरींच्या प्रक्षेपणाचा, म्हणून काड्या एवढ्या लांब. ते ॲनालॉग प्रक्षेपण आता बंद झालं. 2016 मध्ये दूरदर्शनने मुंबईसह 16 शहरांत डीव्हीबी-टी2, म्हणजे अँटेन्यावर दिसणारं डिजिटल प्रक्षेपण आणलं. ते यूएचएफवर, म्हणजे त्याहून आखूड लहरींवर चालतं. 500 मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी 30 सेंटीमीटर, म्हणजे काड्या फूटभराच्या. असा यूएचएफ यागी, म्हणजे एका दांडीवर ओळीने काड्या लावलेला अँटेना, माळ्यावर आरामात मावतो. जुनी चपटी वायरही काढून टाका, 75 ओहमची गोल केबल घ्या.

पण खरेदीच्या आधी टीव्ही बघा. मागच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत ‘डीव्हीबी-टी2’ लिहिलेलं हवं. नुसतं ‘टी’ (जुनी पद्धत) किंवा ‘सी’ (केबलची) असेल तर अँटेना कितीही चांगला लावा, पडद्यावर काही येणार नाही. मग वेगळा टी2 बॉक्स लागेल. दुकानदार याबद्दल विचारतसुद्धा नाही, अँटेना विकून मोकळा होतो.

कौलांची काळजी करू नका. यूएचएफ कौलातून थोडी ताकद गमावून आत येतं, पावसात कौलं भिजली की अजून थोडी. पत्र्यातून मात्र येत नाही. तुमच्याकडून वरळीचा मनोरा साधारण उत्तरेला, सहा-सात किलोमीटरवर. मध्ये ताडदेव, लोअर परळचे टॉवर उभे राहिलेत, पण पूर्वी अशा इमारतींवर आपटून आलेल्या लहरींमुळे पडद्यावर एका निवेदिकेच्या दोन व्हायच्या, ते या डिजिटलमध्ये होत नाही. चित्र एकतर स्वच्छ येतं, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन अडकतं. बूस्टर एवढ्यात घेऊ नका. मनोरा इतका जवळ असताना बूस्टरने सिग्नल फाजील होऊन चित्र उलट जातं. आणि वाहिन्या मोजक्याच, सगळ्या दूरदर्शनच्या, हे सासूबाईंना आधीच सांगा.

डोंबिवली_फास्ट_नाही
त्यापेक्षा डीडी फ्री डिशची छत्री का नाही? महिन्याचे पैसे नाहीत, वाहिन्या कितीतरी जास्त.

परळचा_मेकॅनिक
छत्री चांगलीच, पण माळ्यावर नाही. तिला उघडं आकाश लागतं, उपग्रहाच्या केयू बँडच्या फार आखूड लहरी कौलातून येत नाहीत. तो उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे मुंबईतून आग्नेयेकडे, साधारण 57 अंश वर बघावं लागतं. ताईंची गॅलरी पश्चिमेला, डोक्यावर पागोळ्या. तिथे छत्री लावून फक्त कपडे वाळतील. शिवाय जोराच्या पावसात छत्रीचं चित्र जातं, यूएचएफला पावसाचा एवढा त्रास नाही.

गिरगावची_सून
काका, स्टिकर बघितला, ‘डीव्हीबी-टी2/सी’ लिहिलंय! रविवारी दीर माळ्यावर चढणार आहेत. फक्त उत्तरेच्या बाजूला शेजाऱ्यांनी कौलं काढून पत्रा घातलाय. तो आडवा येईल?

परळचा_मेकॅनिक
त्यांचं छप्पर तुमच्यापेक्षा खाली असेल तर अँटेना आढ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, पत्र्याच्या वरून बघू दे. तुमच्याच उंचीला असेल तर हातभर इकडे-तिकडे सरकवून बघावं लागेल. पत्र्याजवळ एका जागी काही नसतं आणि शेजारी छान मिळतं. आधी सुतळीने बांधा, खिळे नंतर. काड्या आडव्या ठेवा, नाही जमलं तर उभ्या करून बघा. दीर वर, तुम्ही खाली टीव्हीच्या मेनूत सिग्नलचा पडदा उघडून बसा आणि त्यातली ‘क्वालिटी’ वाचून दाखवा, ‘स्ट्रेंग्थ’ नाही. जुन्या वायरिंगवर पाय देऊ नका म्हणावं त्यांना.