बसवून ठेवलं म्हणजे संशय, असं नाही

परदेशात विमानतळावर इमिग्रेशनच्या तपासणीत आत नेऊन बसवलं म्हणजे अधिकाऱ्यांना संशय आलाच, असं काहीजण म्हणतात. पटलं नाही. कॅनडात पीआर (कायमचे रहिवासी) म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्याला आतल्या काउंटरवर पाठवतातच, कारण कागदांवर सह्या तिथे होतात. अमेरिकेतही इमिग्रंट व्हिसावर (कायम राहायला जाणाऱ्यांचा व्हिसा) साधारण तेच. शिक्का बसला की तो व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो.

खरी पंचाईत मूल सोबत असतं तेव्हा. 2016 साली मी आणि पाच वर्षांची लेक कॅनडात उतरलो, नवरा आधीच तिथे होता. मी लग्नानंतर नाव बदललं नाही, लेकीचं मधलं नाव आणि आडनाव बाबाचं. माझ्या नि तिच्या नावात एक अक्षर जुळेना! अधिकारी बाईंनी मला गप्प बसवून लेकीलाच विचारलं, ही कोण? ती विमानात झोपमोड झाल्याने फुगलेली, माझ्याकडे बघायलाही तयार नाही. शेवटी तिच्या पासपोर्टच्या मागच्या पानावर छापलेलं माझं नाव दाखवलं, महापालिकेचा जन्मदाखला (नशीब, मराठीसोबत इंग्रजीतही होता) काढला. तरी वडिलांचं संमतीपत्र कुठाय, हा प्रश्न आलाच. नेमकं तेवढंच माझ्याजवळ नव्हतं. मग नवऱ्याला फोन लावला; तो बाहेर वीस पावलांवर फुगा धरून उभा. यात दोन तास गेले. संमतीपत्र नोटरी करून घ्या, त्यात वडिलांचा चालू फोन नंबर घाला, आणि ते हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत नको.