‘एक वर्ष बुडालं तर काय बिघडतं?’ अहो, बरंच बिघडतं!

दुसरीची_आई (मुंबई)
कोरोनामुळे बंद असलेल्या शाळा २४ जानेवारी २०२२ पासून उघडायचा निर्णय काय आला, इथे या फोरमवर कालपासून रडारड सुरू. एका सदस्यानं तर लिहिलंय, ‘आम्ही पाठवणार नाही. जीव राहिला तर शिक्षण. एक वर्ष बुडालं तर काय बिघडतं?’ त्याखाली टाळ्यांचा पाऊस.

एक वर्ष? मार्च २०२० पासून मोजा. माझ्या मुलाची अख्खी पहिली मोबाइलवर गेली. आता दुसरी. १५ डिसेंबरला मुंबईत खालचे वर्ग उघडले, ४ जानेवारीला परत कुलूप. त्याला बाईंना म्यूट करता येतं, जोडाक्षर लिहिता येत नाही. वर्गात डबा कसा खायचा हेही त्याला नवीन होतं.

आणि ८ जानेवारीचा सरकारी आदेश आठवा. मॉल, हॉटेलं, थिएटरं ५० टक्क्यांनी चालू, शाळा मात्र १५ फेब्रुवारीपर्यंत बंद. पालक ओरडले म्हणून आत्ता उघडतायत. संध्याकाळी सोसायटीत हीच मुलं मास्क हनुवटीवर ठेवून क्रिकेट खेळतात, लग्नांना जातात. विषाणू फक्त शाळेच्या फाटकापाशी उभा असतो काय?

सावध_बाबा (पुणे)
तो सदस्य मीच. नाव घेऊन लिहायचं होतं, घाबरायचं कशाला?
एप्रिल २०२१ मध्ये मेहुण्याच्या बेडसाठी रात्रभर फोन फिरवलेत मी. रेमडेसिविरसाठी रांगेत उभा राहिलो. मेहुणा राहिला नाही. आई डायलिसिसवर, घर दोन खोल्यांचं. मुलगी शाळेतून आली की आजीच्याच मांडीवर जाणार. पंधरा ते अठराच्या मुलांना ३ जानेवारीपासून लस सुरू झाली, माझी चौथीत आहे. तिला कोण देणार?
ओमिक्रॉन सौम्य म्हणे. गेल्या जानेवारीतही ‘गेला कोरोना’ म्हणतच होतो आपण.
आणि मुलांना शाळेत पाठवायला पालकांकडून मागतात ते संमतीपत्र! सही आमची, जबाबदारी आमची. एवढी खात्री असेल तर शाळेनं द्यावी सही करून.

जर्सीकर
आमच्याकडे न्यू जर्सीत मुलं मास्क लावून रोज शाळेत जातायत. भारतात उगाच बाऊ करतात.

नाशिकचा_नाना
तुमच्याकडे पाच वर्षांच्या पोरांनाही नोव्हेंबरपासून लस मिळतेय. आमच्याकडे एका वर्गात साठ पोरं आणि नळाला पाणी आलं तर आलं. प्रत्येक धाग्यात ‘आमच्याकडे’ घेऊन येत जाऊ नका हो.

झेडपी_मास्तर (बीड)
तुम्हा शहरवाल्यांचं भांडण वाचून करमणूक झाली. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ हे वाक्य आमच्या गावात वाचूनच दाखवावं लागलं, कारण मोबाइल बापाच्या खिशात आणि बाप उसाच्या फडात. दर वर्षी दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात. शाळा चालू असली की आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात पोरं ठेवता येतात. बंद शाळेसाठी कोण ठेवील? पोरं गेली कोयत्याबरोबर. सातवीतली एक हुशार पोरगी होती, तिचं लग्न उरकलं. मला कळलं तेव्हा ती सासरी होती.
आणि आम्ही घरी बसून पगार खाल्ला म्हणणाऱ्यांनी ऐकावं. चेकपोस्टवर उभे होतो, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरलो. माझा सहकारी त्यातच गेला.

ठाणेकर_७७
सगळं खरं, पण मुद्द्याचं कोणी बोलत नाही. फी! १२ ऑगस्ट २०२१ ला सरकारनं १५ टक्के कपातीचा जीआर काढला. आमच्या शाळेनं कपात दाखवली आणि ‘डिजिटल शुल्क’ नावाची नवी ओळ घातली. बसची फीसुद्धा घेतली. कुठली बस? हॉलमधून बेडरूमपर्यंतची?

विनाअनुदानित_बाई
तुमची ती फी आमच्यापर्यंत आली असती तर बरं झालं असतं. पगार निम्मा, तोही दोन-दोन महिन्यांनी. स्वतःचा मोबाइल, स्वतःचा डेटा. समोर चाळीस काळे चौकोन, त्यात एखादे वडील बनियनवर फिरताना दिसणार. फी थकवणाऱ्यांत तुमच्यासारखेच दोन गाड्यावाले जास्त होते.

ठाणेकर_७७
माझ्याकडे किती गाड्या आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? संस्थाचालकांची वकिली करताय का?

विनाअनुदानित_बाई
संस्थाचालकांचीच वकिली करायची असती तर पगाराचं लिहिलं असतं का? जीआर वाचता तसं माणसाचं लिहिलेलंही नीट वाचा.

नाशिकचा_नाना
झालं, फीवर गेला धागा. २०२१ मध्ये दहावीला ९९.९५ टक्के निकाल लावून मोकळे झाले, त्यावर कोणी बोलणार आहे का? पेपरच न देता पास झालेली ही पोरं उद्या पूल बांधणार.

ठाणेकर_७७
पोरांचा काय दोष त्यात? परीक्षा त्यांनी रद्द केली का? पण फी त्या वर्षीही पूर्ण घेतली, हे लिहून ठेवा.

दुसरीची_आई (मुंबई)
फीसाठी वेगळा धागा काढा बाबा.
सावध_बाबा, मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं, ते माहीत नव्हतं. घरात डायलिसिसचा पेशंट असेल तर नका पाठवू, कोणी जबरदस्ती केलेली नाही. संमतीपत्राचंही तुमचं बरोबर, मलाही ते चीड आणतं. पण तुमच्या घरची अडचण म्हणजे सगळ्यांसाठी नियम असं करू नका. मास्तरांच्या गावातल्या पोरीला ‘घरीच बस, जीव महत्त्वाचा’ म्हणून दाखवा बरं.

सावध_बाबा (पुणे)
बीडमध्ये उघडा की, मी कधी नको म्हटलं? गावातल्या शाळा आधीच उघडायला हव्या होत्या, घ्या, मान्य. शहरात साठ पोरं एका खोलीत कोंबण्याबद्दल बोलतोय मी. आणि आता पुण्यात अजून आठवडाभर शाळा बंदच राहणार असं अजितदादांनी जाहीर केलंय. तेव्हा मुंबईकरांनी आधी पाठवावं आणि काय होतं ते आम्हाला कळवावं.

दुसरीची_आई (मुंबई)
कळवते. सोमवारी डबा घेऊन जाणार आहे तो.

ठाणेकर_७७
बसच्या फीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.