मदत हवी आहे: शिशाच्या केंद्रकातली ‘कात्री’ मिटताना विरोध कोण करतं?

नमस्कार. मी फोंड्याची, गोवा विद्यापीठात एम.एस्सी. भौतिकशास्त्र करतेय. प्रकल्पाला चुंबकीय परिवलन (गोलसर केंद्रकातही दिसणारा, फिरण्यासारखा गॅमा-वर्णपट) घेतलंय आणि पंधरा दिवस एकाच जागी अडलेय.

शिसे-१९९ चं केंद्रक जवळजवळ गोल. गोल केंद्रक फिरलं काय नि न फिरलं काय, क्वांटमच्या हिशेबात सारखंच. तरी फिरणाऱ्या केंद्रकासारखी गॅमा किरणांची शिडी अगदी नियमित, तीही एम-१ ची (चुंबकीय द्विध्रुवी संक्रमणं), ई-२ (विद्युत चतुर्ध्रुवी) नावापुरतं. १९९३ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्राउएनडॉर्फ यांनी उलगडा केला: प्रोटॉनांचा आणि न्यूट्रॉन-होलांचा (भरलेल्या कवचातल्या न्यूट्रॉनांच्या रिकाम्या जागांचा) कोनीय संवेग सुरुवातीला काटकोनात असतो, मग कात्रीच्या पात्यांसारखा मिटत जातो आणि स्पिन वाढतो. प्रोटॉनांचे ११ आणि आय-१३/२ कक्षेतल्या एका होलचे ६.५ (ħ च्या एककात) धरले तर काटकोनात सुमारे १२.८, पूर्ण मिटल्यावर १७.५. पाती मिटतात तसा बी-एम-१ (एम-१ संक्रमणाची तीव्रता) उतरतो, आणि १९९७ साली गॅमास्फिअर या गॅमा-शोधकावरच्या, उत्तेजित पातळ्यांच्या आयुर्मान-मोजणीत तो खरंच उतरलेला दिसला. इथवर पटलं.

परवा आजी कुळागरातली सुपारी कातरत होती. रिकामा अडकित्ता बोटानं मिटतो, पात्यांत सुपारी आली की मनगटाचा जोर लागतो. केंद्रकातही पाती जवळ आणायला ऊर्जा लागतेच. मग तिथली सुपारी कोणती?

चित्र कळतं. प्रोटॉनाची घनता त्याच्या संवेगाला आडव्या चकतीसारखी, होलची संवेगाच्या दिशेनं डंबेलसारखी. आकर्षणामुळे डंबेल चकतीत आडवं पडू पाहतं, म्हणजे काटकोन. म्हणून आंतरक्रिया पी-२ (कॉस थीटा) अशी घेतात (पी-२ म्हणजे दुसरी लेजांद्र बहुपदी, थीटा म्हणजे पात्यांमधला कोन): ९०° ला −१/२, ०° ला १.

अडलंय ते पुढे. डेल्टा बल (कण एकाच जागी आले तरच लागणारं) घेऊन गणित केलं तर आलेख काटकोनाजवळ बराच सपाट राहतो आणि लहान कोनाला एकदम उसळतो. पी-२ असा उसळत नाही. मग प्रयोगाच्या आकड्यांना पी-२ का बसतो? प्रोटॉनांनी गाभा किंचित चपटा केला आणि तो चपटेपणा होलला जाणवला, म्हणजे गाभ्याचं ध्रुवीकरण, हेच खरं कारण का? तसं असेल तर थेट बलाचा वाटा वेगळा कसा काढायचा? न्यूट्रॉनांची जोडी सुटून एकाचे तीन होल झाले की व्ही-२ (पी-२ च्या पुढचा ताकदीचा गुणक) प्रोटॉन-होल जोड्यांच्या प्रमाणात वाढायला हवा का, एवढं कोणी सांगितलं तरी मी पुढे सरकेन.

चूक चिन्हाचीही असेल. होल म्हणून मी ते एकदा उलटवलंय. कोणी तपासणार असेल तर वहीची पानं आज रात्रीच टाकते.