अनुभव धागा : वावरात, काट्यावर, शेजारात ख्रिस्ती विश्वास

सर्वांना सलाम. रविवारी मंडळीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवारपासून वावरात, बाजारात, शेजारच्या ओट्यावर विश्वास कसा दिसतो ते इथं लिहा. साक्ष नको, रीत लिहा : काय करायचं, किती, कधी, आणि कुठं बिघडतं.

कास्तकार, दारव्हा तालुका

कापसाच्या वेचणीपासून सुरू करतो, कारण आपल्याकडं मजुराचा घास सगळ्यात जास्त काट्यावर जातो. वेचणीचे पैसे किलोवर. प्रत्येक गाठोड्यामागं अर्धा किलो दाबला, तर हंगामभरात एकेका बाईची कितीतरी मजुरी बुडते.

फडक्याचं वजन सकाळीच, रिकामं असताना, सर्वांसमोर करा आणि संध्याकाळी तेवढंच वजा करा. सरसकट एक किलोची कडती (वजनातली कपात) हा सरळ लबाडीचा काटा आहे (बायबल, लेवीय १९:३५-३६). स्प्रिंगचा काटा जुना झाला की शून्यावर परत येत नाही. म्हणून मोजणीआधी पाच किलोचं शिक्क्याचं वजन टांगून दाखवा. आकडा मोठ्यानं बोला, वहीत लिहा आणि वेचणाऱ्या बाईच्या चिठ्ठीवरही लिहा.

सकाळच्या दवात वेचलेला कापूस जड भरतो. मग मालक 'ओला आहे' म्हणून मनाला येईल तेवढं कापतो. दव सुकल्यावर वेचणी सुरू करा, वादच उरत नाही. ओला कापूस गंजीत तापतो आणि पिवळा पडतो. सरकारी खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांत लागतो. वजन वाढावं म्हणून विकायच्या आधी कापसावर पाणी मारणाऱ्यानं उपासनेत कितीही चढ्या आवाजात गायलं, तरी गावाला त्याचा कापूस ठाऊक असतो.

मजुरी रात्रभर ठेवू नये असं लेवीय १९:१३ सांगतं. पण बायांनाच आठवड्याचा हिशोब हवा असेल तर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या, बाजाराच्या दुपारी नको. पन्नास-शंभराच्या नोटा आधीच आणून ठेवा. 'सुट्टे नाहीत' या दोन शब्दांत मजुरी पुढच्या बाजारावर जाते. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे, हे याकोब ५:४ सोंगणीच्या आधी घरात मोठ्यानं वाचावं.

मेहकरकडून

भाऊंच्या लिहिण्याला जोड देते. सरवा, म्हणजे सोंगणीनंतर वावरात राहिलेलं गरिबांनी वेचायचं धान्य, विसरू नका. लेवीय १९:९ आणि रूथचं दुसरं अध्याय हे थेट आपल्या सोयाबीनच्या वावराला लागू आहे. शेंग जास्त वाळली की फुटते आणि दाणा खाली पडतो. थ्रेशर उठल्यावर खळ्याभोवतीही बरंच राहतं. ढोरं सोडायच्या आधी दोन-तीन दिवस वावर मोकळं ठेवा, आणि रोटाव्हेटरवाल्याला तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी येऊन उभा राहतो. एखाद्या विधवेला नाव घेऊन बोलवू नका, तिला भीक मागितल्यासारखं होतं. हापशीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच म्हणा, 'आमचं वावर मोकळं झालं.'

अचलपूर तालुका

सणांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण घोळ इथंच होतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलाचे खांदे कोमट पाण्यानं धुवायचे, मग तूप-हळद पळसाच्या पानानं सावकाश चोळायची. जोखडानं कातडं फुटलेलं असेल तर चोळू नका, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. यात पूजा नाही. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, हे नीतिसूत्रे १२:१० चं वचन आहे. दुसऱ्या दिवशी बैल धुऊन, सजवून तोरणाखाली न्यायचे की नाही, यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही. माझं मत : न्यावे, झडत्या (पोळ्यात म्हणायची कवनं) ऐकाव्या आणि आरतीच्या वेळी शांतपणे बाजूला व्हावं.

प्रसादाचं आधीच सांगून ठेवावं. ताट पुढं आल्यावर नाही म्हटलं की घरच्या बाईचा अपमान होतो. आणि नाही म्हटल्यावर लगेच उठू नका. चहा घ्या, लेकराबाळांची चौकशी करा.

सीतादहीचं, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीला वावरात होणाऱ्या पूजेचं, तर नक्की लक्षात ठेवा. वेचणीच्या पहिल्या दिवशी आपण पूजा करत नाही, ठीक. पण त्या नावाखाली मजूर बायांचा दहीभात बंद करणारी घरं आहेत. हे देवाच्या नावावर पोट मारणं झालं. धुऱ्यावर दोन मिनिटं उपकारस्तुतीची प्रार्थना करा आणि दहीभात नेहमीपेक्षा जरा जास्तच न्या.

दिग्रसची ताई

मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा भाकरी-पिठलं आपण न्यावं. आधी माणसं मोजा : किलोभर ज्वारीच्या पिठाच्या आठ-दहा भाकरी होतात. पाहुणे रात्री उशिरापर्यंत येत राहतात, म्हणून सगळं एकदम नेऊ नका, अर्धं सांजेला न्या. तेरवी होईपर्यंत भांडी परत मागू नका. प्रार्थना विचारूनच करा, दोन मिनिटांची, गेलेल्याचं नाव घेऊन. त्या घरात उपदेश करू नका. त्यांना हवं असेल तर महिन्याभरानं ते स्वतः विचारतील, आणि महिन्याभरानं आपण तिथं असलो पाहिजे, कारण तोवर बाकीचे येणं थांबलेले असतात.

मंडळीचा खजिनदार, वाशिम जिल्हा

हंगामाच्या सणाला वेदीजवळ ठेवलेल्या धान्याचा, भाज्यांचा लिलाव होतो. भोपळ्याची बोली दोघांच्या इरेला पेटून चढली की ज्यानं मूठभर तूर आणली तो मान खाली घालून बसतो. उपाय सोपा आहे : देणाऱ्याचं नाव पुकारायचं नाही, सगळा माल आधी एकत्र करायचा आणि सारखे वाटे लावून मगच बोली लावायची. आणि दशमांश (देवाला द्यायचा दहावा भाग) मालाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती आले त्याच दिवशी वेगळा काढा. कृषी केंद्राची उधारी फेडून उरेल त्यातून देऊ म्हटलं, तर बहुतेक वर्षी काही उरत नाही.